समुद्राचा धुरा

लेक कोकणात समुद्रावर फिरून आमच्या गावी, रिठदला आली. तिची पिशवी झटकली तशी ओसरीत वाळू सांडली आणि खारट वास आला. त्या वासानं मला थेट तीस वर्षं मागं, त्याच किनाऱ्यावर नेलं.

बाबा तेव्हा पहिल्यांदाच समुद्र पाहत होते. दोन शेतांमध्ये धुरा, म्हणजे बांध, आखावा तशी त्यांनी ओल्या वाळूवर दगडांची रांग मांडली. रांगेच्या अलीकडं आमच्या चपला ठेवल्या आणि पाण्याला बजावलं, “हे आमचं, ते तुझं.” आम्ही शिंपले वेचून आलो, तर दगड पाण्याखाली गेलेले आणि आईची चप्पल लाटेवर डुलत निघालेली! बाबा कमरेवर हात ठेवून समुद्रावर ओरडले, “काहून बे, धुरा कोरून राह्यला काय?” आई तर हसून हसून वाळूतच बसली.

लेकीनं मोबाइलवर फोटो दाखवले. ज्या सुरूंच्या सावलीत आम्ही भाकरी खाल्ली होती, तिथं आता पाणीच पाणी आहे. मी मोबाइल बाबांपुढं धरला. त्यांनी तो लांब धरून निरखला आणि मिशीत हसले.

“पाह्य, तवा धुरा कोरला, आता वावरात शिरला. मी पह्यल्याच दिवशी ओळखलं होतं याले, तं तुमी मलेच हसले!”