तात्यांचा फेटा आणि माझा तिसरा रकाना

माझ्या सख्ख्या बहिणीच्या लग्नात एक फेटा कमी पडला आणि त्याला पुरोगामी विचार जबाबदार आहेत. (माझे.)

तात्या कोण ते आधी सांगते. सांगू नये असं हल्ली माझं मत झालंय, पण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. तात्या म्हणजे आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नात्यानं माझी आत्या. कागदोपत्री नाव चंद्रभागा. सोळाव्या वर्षी त्यांनी वेणी कापली, अंगात आजोबांचा शर्ट-पायजमा चढवला, डोक्यावर पांढरी टोपी ठेवली आणि उसाला पाणी धरायला निघून गेले. तेव्हापासून तोच वेश. ट्रॅक्टर चालवतात, बाजारात बैलाचे दात बघतात, पुरुषांच्या पंगतीत बसतात. "येतो रे", "जातो रे" असं बोलतात. आमच्या गावात, बेलापुरात, त्यांना लहानथोर सगळे तात्याच म्हणतात, आणि गेली तीस वर्षं कुठल्याही लग्नात तात्यांना मानाचा फेटा बांधतात.

तुम्ही म्हणाल, छान आहे की! मीही पूर्वी असंच म्हणायचे. मग मी पुण्याला शिकायला गेले, संघटनेत शिरले, पत्रकं लिहायला लागले आणि मला कळलं की हे छान वगैरे काही नाही, हे गावाचं मौन आहे! मौन म्हणजे अन्याय! एक अख्खं गाव तीस वर्षं एका माणसाला फेटा बांधतं आणि त्याच्या लिंगभावाच्या अभिव्यक्तीवर एकदाही चर्चा करत नाही? माझं रक्त उसळलं. (ते तेव्हा आठवड्यातून चार-पाचदा उसळायचं.)

त्यातच दीपाताईचं लग्न ठरलं, कोपरगावच्या मुलाशी. "तुझं अक्षर बरं हाय," म्हणून आप्पांनी मानपानाची यादी माझ्या हातात दिली. या लग्नात झालेल्या चुकांपैकी ही एकटीच माझी नाही.

यादीत दोन रकाने होते. फेटा आणि साडी. पुरुषाचं नाव फेट्यात, बाईचं साडीत. पुरुषाला सगळ्यांदेखत खुर्चीत बसवून फेटा बांधायचा आणि बाईच्या हातात स्वयंपाकघराच्या दाराशी एक पिशवी द्यायची! त्या पिशवीतली साडी तरी नेसायची असते का? ती गठ्ठ्यानं आणलेली असते, घरी जाऊन कपाटात पडते आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या बाईच्या पिशवीत जाते. एकेक साडी दहा-दहा लग्नं फिरते, घडी मोडत नाही. माणसाच्या डोक्यावर मान येणार की हातात पिशवी, हे त्याच्या जन्माच्या वेळी सुईणीनं ठरवायचं? पुढे काहीही घडलेलं असो, हा मुद्दा मी आजही सोडलेला नाही.

"आई, मला साडी नको. मी फेटा बांधणार."

"बांध की. केसं तर तू आधीच कापलीत. निदान झाकली तरी जातील."

पाठिंबा अपेक्षेपेक्षा लवकर मिळाला, त्यामुळे मी जरा नाराजच झाले. मग आप्पांकडे गेले.

"आप्पा, तात्यांचं नाव कुठल्या रकान्यात?"

"फेट्यात."

"का?"

"का म्हंजे? तात्या हायेत ते."

"पण फेट्यात का? पुरुष म्हणून? मग स्त्री म्हणून जन्मून त्यांनी जे सोसलं ते गेलं कुठे? हे दोनच रकाने म्हणजे..."

"सोने, मांडववाला येऊन बसलाय. तुला लिव्हायचं तसं लिव्ह."

परवानगी! मी ताबडतोब पट्टीनं रेघ मारून तिसरा रकाना पाडला. वर ठळक अक्षरात लिहिलं – 'स्वनिर्णय'. त्याखाली तात्यांचं नाव. एकटंच होतं, पण उठून दिसत होतं. फेट्याच्या रकान्यात तात्यांची जागा मोकळी झाली, तिथे मी माझं नाव घातलं. आप्पा दर कार्यात दोन-चार फेटे जास्तीचे सांगतात. पण लग्नातल्या उधळपट्टीवरही मी एक पत्रक लिहिलेलं असल्यामुळे फेटे बांधणाऱ्या मुनीरभाईंना मोजून एकवीस सांगितले. बाविसावा म्हणजे उधळपट्टी!

आणि मग एक पत्रक काढलं. 'वेश, देह आणि ओळख'. दोनशे प्रती. त्यात तात्यांचं उदाहरण, जन्मनावासकट. आडनाव तेवढं गाळलं होतं. (वधूपित्याची बहीण असं मात्र लिहिलं होतं. म्हणजे कोण, हे ओळखायला वऱ्हाडाला अर्धं मिनिट पुरलं.) तात्यांना आधी सांगितलं नाही. त्यांना सन्मानाचा सुखद धक्का द्यायचा होता.

लग्नाचा दिवस उजाडला. मंगल कार्यालयाच्या ओसरीवर मुनीरभाई खुर्ची टाकून बसले होते. पहिला फेटा त्यांनी मला बांधला. आरशात बघितलं तर मला स्वतःचं भाषण ऐकू यायला लागलं. एकेक करत वीस पुरुषांना बांधून झाले. मग तात्या आले. पहाटे गाईंच्या धारा काढून, अंघोळ करून, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. ते खुर्चीत बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले.

"बांध रं मुनीर. जरा घट बांध. आज मिठ्या मारायच्या हायेत."

हे मिठ्यांचं असं असतं – वऱ्हाड दाराशी आलं की व्याहीभेट होते. बाप बापाला भेटतो, मामा मामाला, चुलता चुलत्याला. हार घालतात, मिठ्या मारतात, गंमत म्हणून एकमेकांना उचलतातही. आप्पांना भाऊ नाही. त्यामुळे दीपाताईचा चुलता म्हणून तात्या उभे राहणार, हे लग्न ठरलं त्याच दिवशी ठरलं होतं. तात्यांनी या लग्नात मागून घेतलेलं तेवढं एकच काम. आणि बोडक्या डोक्यानं व्याहीभेटीला कोणी उभं राहत नाही.

मुनीरभाईंनी यादी वर-खाली दोनदा बघितली. "तात्या, तुमचं नाव फेट्यात न्हाई."

तात्यांनी एक डोळा उघडला. "मग कशात हाय?"

"स्व... स्वनिर्णयात." मुनीरभाई माझ्याकडे वळले. "ताई, हे किती मीटरचं असतं?"

मी पुढे झाले. "तात्या, यापुढे तुम्ही काय घालायचं हे समाज ठरवणार नाही. तुमचं तुम्ही ठरवायचं!"

"बरं. ठरवलं."

"काय?"

"फेटा."

"हो, पण..."

"पन काय?"

"फेटे संपले."

तात्यांनी दुसराही डोळा उघडला. तेवढ्यात रस्त्यावर बँड वाजायला लागला. वऱ्हाड आलं!

दारात गुलाबाचं फूल देणाऱ्या मुली होत्या. प्रत्येक फुलाबरोबर माझं पत्रक द्यायचं, असं मी त्यांना बजावलं होतं. त्यांनी ते इतकं प्रामाणिकपणे केलं की पाच मिनिटांत वऱ्हाड नाचायचं थांबलं आणि वाचायला लागलं. माझ्या पत्रकांना आजवर मिळालेला हा सर्वांत मोठा वाचकवर्ग. नवरदेव घोड्यावर एकटा राहिला.

नवऱ्या मुलाचे चुलते सोपानराव चष्मा लावून वाचत होते. तात्यांना मिठी मारणार होते ते हेच. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"आप्पासाहेब, हे काय वाचतोय मी? तात्या बाई हायेत?"

"आता... तसं बघाया गेलं तर..." आप्पा म्हणाले.

"साखरपुड्याला एका चंचीतली तंबाखू खाल्ली आमी! अन् आता भर मांडवात बाईमानसाला मिठी मारू व्हय? उद्या कोपरगावात तोंड कसं दावू?"

मागून कोणीतरी विचारलं, "म्हंजे हे तसले का?"

"तसले म्हणजे कसले?" मी ओरडले. "बोला ना! कसले?"

झालं! मंडपाची सभा झाली. कोणी म्हणे, साडी नेसवा आणि विहिणींच्या भेटीत उभं करा. कोणी म्हणे, दोन्हीकडे उभं करा, मिटवून टाका. कोणी म्हणे, सरळ चुलत्याची भेटच वगळा. एका गृहस्थांनी तर पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर मतदान घेऊ या असं सुचवलं. जी चर्चा तीस वर्षं झाली नव्हती ती एकदम झाली, आणि तिच्यातला एकेक शब्द असा होता की मी कानांवर हात ठेवले. (फेट्यामुळे नीट ठेवताही येईनात.) मी खुर्चीवर चढून मुद्दा क्रमांक चारपासून, म्हणजे 'गावाचं मौन' इथपासून, बोलायला सुरुवात केली, पण ऐकतंय कोण?

तेवढ्यात गर्दी बाजूला झाली. तात्या आले, उघड्या डोक्यानं. त्यांचं डोकं असं उघडं मी कधी बघितलंच नव्हतं. सगळे केस पांढरे झाले होते.

"काय छापलंय?" त्यांनी मला विचारलं. "वाच. मोठ्यानं."

मी खुर्चीवरून उतरले आणि वाचलं. "मुद्दा क्रमांक एक. कोणत्याही व्यक्तीची ओळख, तिला स्वतःला विचारल्याशिवाय, इतरांनी ठरवू नये किंवा जाहीर करू नये."

"बरं लिव्हलंय," तात्या म्हणाले. "मला कवा विचारलंस?"

बँडही नेमका तेव्हाच थांबला. या प्रश्नाला माझ्याकडे तीन उत्तरं होती. तिन्ही चार-चार पानांची होती, आणि तात्यांनी एकाचीही वाट बघितली नाही.

"गावाचं मौन म्हनं," तात्या म्हणाले. आवाज चढला नव्हता, हेच वाईट होतं. "गाव कुठं मुकं हुतं? मीच कुनाला सांगितलं न्हाई. ती माजी मर्जी हुती, पोरी. सोळा वर्सांचा हुतो तवा जे काय ऐकायचं ते ऐकून घेतलं, परत ऐकायचं न्हाई म्हनून गप बसलो. तू ते समदं पुन्हा बाजारात मांडलंस. गुलाबाच्या फुलासंगं."

मी खाली मान घातली. मान घातली तसा फेट्याचा शेमला पुढे आला आणि सगळ्या मंडपाचं लक्ष एकाच वेळी माझ्या डोक्याकडे गेलं.

"तात्या," मुनीरभाई हळूच म्हणाले, "फेटे संपले न्हाईत. एक हाय की."

फेटा मी स्वेच्छेनं काढून दिला, याची नोंद घ्यावी. (मुनीरभाईंनी शेमला आधीच हातात धरला होता, ही गोष्ट वेगळी.) त्यांनी तो झटकला, नव्यानं चुण्या घातल्या आणि तात्यांच्या डोक्यावर घट्ट बांधला. तात्यांनी हात लावून बघितला, खांदे मागे टाकले आणि थेट सोपानरावांसमोर जाऊन उभे राहिले.

"सोपानराव, साखरपुड्याची तंबाखू कशी लागली हुती?"

"चांगली हुती."

"आता कडू झाली का?"

"न्हाई. पन तात्या, ह्या कागदात..."

"कागद तिचा हाय. मी माजा हाय. तवा ज्याच्याशी बोलला तोच उभा हाय तुमच्याम्होरं. भेटायचं असंल तर भेटा, न्हाईतर तसं तोंडावर सांगा. मी आत जाऊन पंगतीचं बघतो."

सोपानरावांनी हातातल्या पत्रकाकडे बघितलं, मग तात्यांच्या फेट्याकडे. नवरदेवाच्या घोड्यानं तेवढ्यात दोनदा मान हलवली. दीपाताई आतल्या खोलीच्या खिडकीतून बघत होती, आणि ती मेकअपची पर्वा न करता रडत होती. तिची नजर माझ्यावर नव्हती, हे माझं नशीब.

मग सोपानरावांनी पत्रकाची घडी घातली, खिशात ठेवली आणि हात पसरले.

"या तात्या. पन उचलायचं नाव काढू नका. माजी कंबर..."

पुढचं वाक्य ते जमिनीपासून हातभर उंचीवर बोलले. तीस वर्षं उसाच्या मोळ्या उचललेले हात होते ते! माईकवाला ओरडला, "मुलीचे चुलते – तात्या!" बँड सुरू झाला, अंगावर फुलं पडली आणि सोपानराव वरून ओरडत होते, "ठेवा! खाली ठेवा! मानलं तात्या, पटलं! चुलतेच हायेत!"

आता, माणसाची ओळख त्याच्या दंडातल्या ताकदीवरून मान्य करणं, हे किती मागासलेलं आहे! बाई वजन उचलत नाही का? मोळ्या बांधणाऱ्या बायका काय फुलं वेचतात? माझं रक्त पुन्हा उसळलं. मी माईककडे निघाले.

वाटेत सोपानरावांच्या बायकोनं मला आपादमस्तक न्याहाळलं. जीन्स, शर्ट, आणि फेट्याखाली दबून आता उभे राहिलेले बोटभर केस. तिनं तात्यांना विचारलं, "तात्या, हे कोन म्हनायचं? पोरगा का पोरगी?"

"ही व्हय? आमची धाकली."

"नाव काय हिचं?"

"पाळन्यातलं सोनाली," तात्या फेटा सावरत म्हणाले. "पर आमच्यात समदे 'आवरा हिला' म्हनत्यात."

मला न विचारता, माझी ओळख परस्पर ठरवून, दोनशे माणसांत जाहीर केली होती! मुद्दा क्रमांक एकचा याहून उघड भंग कुठला? मी जाहीर निषेध करायला माईक हातात घेतला, आणि काही बोलायच्या आतच आई, आप्पा आणि नवरीच्या खोलीची खिडकी, अशा तिन्ही बाजूंनी मला माझ्या नव्या नावानं हाक आली.