गोळी, पथ्य आणि लोपेतीचा पाय

लोपेतीला साखर झाली हे ऐकून गावात कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एवढंच, की इतकी वर्षं ती झाली कशी नव्हती. वावाऊ बेटाच्या आमच्या बाजूला त्याच्याएवढं खाणारा दुसरा नव्हता, आणि खाण्याबद्दल त्याच्याएवढं बोलणाराही नव्हता. माणूस कामाचा, हे खरं. कोनफळ लावावं तर लोपेतीनं, एकेक कंद असा काढायचा की दोघांनी धरून उचलावा. चर्चमध्ये प्रवचनाची पाळी त्याची असली की माणसं जांभया देत नसत. पण मेजवानीत भाजलेलं डुक्कर समोर आलं की त्याला ना देव दिसे ना शेजारी.

इस्पितळातल्या डॉक्टरनं त्याला नीट समजावलं होतं. ताटातलं निम्मं कमी करा, रोज चाला, आणि ही गोळी दोन वेळा जेवणाबरोबर घ्या. हे सगळं मिळून एकच औषध, असं डॉक्टरचं सांगणं. लोपेतीनं मात्र दुकानात मांडलेल्या वस्तूंकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं आणि यातलं आपण कोणतं एक घ्यावं, याचा आठवडाभर विचार केला. चालणं त्यानं पहिल्याच दिवशी बाजूला काढलं. राहिली गोळी आणि पथ्य.

पहिलं वर्ष त्यानं गोळीला दिलं. गोळी आत जाऊन साखर खाते, मग आपण उपाशी का राहायचं, हा त्याचा हिशेब. उलट आपण खाल्लं नाही तर ती बिचारी आत काय करेल? मेजवानीच्या दिवशी तो दोन घ्यायचा, त्याही सकाळी रिकाम्या पोटी, म्हणजे जेवण येईपर्यंत ती दबा धरून बसेल. दबा धरून बसली ती, पण पोटाच्या मुळावर. एका रविवारी तर प्रवचन ऐन रंगात असताना लोपेतीनं घाईघाईनं आमेन म्हटलं आणि मागच्या दारानं जो पळाला, तो दुसरं गाणं संपलं तरी आला नाही. त्या दिवसापासून गोळी म्हणजे परक्यांचं विष ठरली आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात जाऊन पडली.

मग आलं पथ्य. ते कसं, तर आजोबांचं. माझ्या आजोबांनी कधी गोळी बघितली होती का, असं तो भेटेल त्याला विचारायचा. आजोबा कंद खायचे, मासळी खायचे, नारळ खायचे, आणि नव्वदीपर्यंत खुटखुटीत. त्यानं पाव सोडला, भात सोडला, डब्यातलं मटण सोडलं, चहातली साखरसुद्धा सोडली. खोटं कशाला बोला, सोडली. पण कोनफळं आणि अळूचे कंद यांचा ताटात असा ढीग लावायचा की पलीकडचा माणूस दिसू नये, आणि त्यावर नारळाचं दूध वाडगाभर. आजोबा कंद खाण्याआधी डोंगरावरच्या मळ्यात चालत जायचे आणि टोपली पाठीवर घेऊन उतरायचे, हे मात्र त्याला आठवत नसे. तो मळ्यात गाडीनं जायचा.

शिवाय कावा, मुळी कुटून पाण्यात कालवलेलं पेय. संध्याकाळी पुरुषमंडळी गोल करून बसली की कावा प्यावाच लागतो, आणि तो एवढा कडू की मागोमाग तोंडात लिमलेट टाकावं लागतं. एक वाटी, एक लिमलेट. बारा वाट्या झाल्या की बारा. ही लिमलेटं त्यानं कधी हिशेबात धरलीच नाहीत. कावा म्हणजे काही जेवण नाही, ती रीत आहे, आणि रीतीनं कुणाला साखर होत नाही. शेजारी बसणारा मोसेसे एकदा म्हणाला, "लोपेती, तुझं पथ्य बघितलं की मलाच भूक लागते." सगळे हसले. लोपेतीही हसला आणि त्यानं लिमलेटची पिशवी पुढे ओढली.

आता हे सगळं नर्सला कळायला हवं होतं की नाही? इथंच तर सगळी गोम. गावची नर्स लाविनिया ही लोपेतीची चुलत बहीण. त्याला सख्खी बहीण नाही, म्हणून बहिणीचा सगळा मान हिचाच. आणि बहिणीचा मान आमच्याकडे केवढा, तर ती दारातून आत आली की भावानं मागल्या दारानं उठून जायचं. तिच्यासमोर अंगाच्या गोष्टी काढायच्या नाहीत, तिनंही काढायच्या नाहीत. तिला नाही म्हणायचं नाही. त्यामुळे साखर तपासायच्या दिवशी दवाखान्यात लाविनिया भिंतीवरच्या दिनदर्शिकेकडे बघत फाताईला, म्हणजे लोपेतीच्या बायकोला सांगायची, "वहिनी, गोळी सोडायची नसते म्हणावं. कंदसुद्धा मुठीएवढाच." लोपेती शेजारीच बसलेला, जमिनीकडे बघत मान डोलवायचा. तीन वर्षं त्यानं मान डोलवली. घड्यावर पाणी ओता म्हटलं तर घडा पालथा, आणि वर मानेनं हो म्हणतोय.

तपासणीच्या आधी तीन दिवस तो जवळजवळ उपाशी राहायचा. पाणी आणि काकडी. मग बोटाला सुई टोचली की आकडा बरा यायचा, आणि तो गावभर सांगत फिरायचा, बघा, गोळीवाचून. पुढे नवी तपासणी आली. त्यात रक्त मागच्या तीन महिन्यांची सगळी चहाडी करतं. कागद आला तो लाविनियानं दोनदा वाचला आणि दिनदर्शिकेकडे न बघता थेट फाताईकडे बघितलं. लोपेती म्हणाला, यंत्र बिघडलं असेल. दमट हवेत बिघडतात.

त्यातच नव्या चपला आल्या. चर्चसाठी घेतलेल्या, कडक चामड्याच्या. तळातून पुढच्या बाजूला एक चूक, म्हणजे बारीक खिळा, वर आली होती, ती त्याच्या उजव्या पायाच्या शेवटच्या दोन बोटांखाली रोज टोचत होती म्हणे. म्हणे, कारण त्याला काही जाणवलंच नाही. साखरेनं पाय आधीच बधिर करून ठेवलेले. जखम पहिल्यांदा पाहिली ती फाताईनं, चटईवर डाग पडला तेव्हा.

"लाविनियाला दाखवायला हवं," ती म्हणाली.

"बहिणीला पाय दाखवू? अक्कल आहे का तुला?"

"मग इस्पितळात चला."

लोपेतीनं पाला वाटून बांधायला सांगितलं आणि कूस बदलली. रीतीचं नाव पुढे केलं होतं, पण पोटात दुसरंच होतं, आणि फाताईला ते ठाऊक होतं. त्याचा मामेभाऊ असाच दोन पायांवर इस्पितळात गेला होता आणि एका पायावर परत आला. इस्पितळात पाय घेऊन गेलं की तो तिथंच ठेवून यावा लागतो, असं लोपेतीच्या मनानं घेतलं होतं. मामेभाऊ चार महिने जखम लपवून मग गेला होता, हे फाताईनं त्याला दोनदा सांगितलं. ते त्यानं आजोबांच्या चालण्याबरोबर विसरून टाकलं.

तीन आठवडे गेले. तपासणीला तो मोजे घालून गेला. आमच्या उन्हात मोजे. लाविनियानं मोज्यांकडे बघितलं, मग भिंतीकडे बघितलं.

मग त्याच्या प्रवचनाची पाळी आली. विषय त्यानंच निवडलेला, जिभेला लगाम. देह हे देवानं राहायला दिलेलं घर आहे, त्यात खादाडपणाचा उकिरडा साठवू नका. आवाज असा लावला होता की पुढच्या बाकावरच्या म्हाताऱ्या डोळे पुसत होत्या. लोकांना ज्ञान सांगायचं आणि आपण कोरडं राहायचं, यात त्याची बरोबरी नाही. बोलता बोलता तो व्यासपीठावर इकडून तिकडे फिरायचा, ती त्याची लकब. खाली पांढरीशुभ्र नवी चटई, बायकांनी चार महिने बसून विणलेली.

हळूहळू माणसं त्याच्या तोंडाकडे बघायची थांबली. सगळ्यांची नजर खाली. लोपेतीला वाटलं, पश्चात्तापानं माना झुकल्यात. त्याला आणखी चेव आला. शेवटी तो थांबला आणि त्यानंही खाली बघितलं. चटईवर उजव्या पायाचे ठसे होते, तांबडे, इकडून तिकडे आणि तिकडून इकडे. जणू कुणी जखमी डुक्कर चर्चमध्ये सोडलं होतं. आणि त्याला अजूनही काही दुखत नव्हतं. तेव्हा कुठं तो घाबरला.

घरी येऊन तो बसतो न बसतो तोच लाविनिया आली. नर्सचे कपडे नव्हते अंगावर. कमरेला आईची जुनी चटई बांधलेली, मोठ्या कार्याला बांधतात तशी. लोपेती सवयीनं मागच्या दाराकडे लंगडत निघाला.

"वहिनी, दादाला बसायला सांग," ती म्हणाली.

तो बसला. ती घरातल्या वरच्या जागी, मांडी घालून, भिंतीकडे तोंड करून बसली. मग हळू आवाजात म्हणाली, "तीन वर्षं मी नर्स म्हणून बोलले. नर्सला मान डोलवून वाटेला लावता येतं. आज मी या घरातल्या पोरांची आत्या म्हणून आले आहे. दादाला सांग, आत्ता इस्पितळात जायचं. बाहेर गाडी उभी आहे."

"तिला सांग, आज रविवार आहे," लोपेती पुटपुटला. रविवारी आमच्याकडे कुणी काडीही हलवत नाही.

"चटईवर रक्त सांडलं तेव्हाही रविवारच होता." ती क्षणभर थांबली. "आणि अजून ऐक, वहिनी. या घरात मेजवानीचं जे जे येईल ते पहिलं माझ्याकडे येईल. आत्याचा हक्क आहे तो, मी आजवर मागितला नव्हता. त्यातलं दादाला काय परत पाठवायचं ते मी बघेन. गोळीसुद्धा त्याच ताटात येईल."

डॉक्टरचं मोडता येतं, बायकोचं तर रोज मोडतात, पण आत्यानं हक्क मागितला की त्यावर बोलायला आमच्याकडे शब्दच नाहीत. ज्या रीतीच्या आड तो तीन वर्षं लपून बसला होता, तीच रीत आता त्याला मानेला धरून गाडीत घालत होती. फाताईनं बिस्किटांचा डबा उघडला, धूळ खात पडलेल्या गोळ्या आणल्या आणि लाविनियाच्या ओच्यात ओतल्या. त्यातल्या निम्म्यांची मुदत कधीच संपली होती.

दोन बोटं गेली, कडेची. पाय राहिला. डॉक्टर म्हणाला, आणखी पंधरवडा लावला असता तर घोट्यापासून काढावा लागला असता. लोपेती पंधरा दिवस इस्पितळात पडून होता आणि पहिले तीन दिवस सकाळी पांघरूण वर करून पाय मोजायचा. दोन आहेत ना. आहेत.

तो घरी आल्यावर महिन्याभरात पुतणीचं लग्न झालं. अख्खं भाजलेलं डुक्कर आलं, अळूच्या पानात नारळाच्या दुधात शिजवलेल्या चरबट बरगड्यांच्या पुरचुंड्या आल्या, तीन मजली केक आला. सगळं लोपेतीच्या दारावरून त्याच्या डोळ्यांदेखत लाविनियाच्या घरी गेलं. अर्ध्या तासानं परत काय आलं? भाजलेल्या मासळीचा तुकडा, एक हिरवं केळं उकडलेलं, पाल्याची भाजी, मुठीएवढं कोनफळ, आणि कागदात बांधलेली एक गोळी. लोपेती त्या ताटाकडे असं बघत बसला जसं कुणी आपल्याच मयताचं जेवण बघावं. मग जेवला. काय करतो. आठवड्यात तीन वेळा त्याला मळ्यातही चालत जावं लागलं, कारण लाविनियानं गाडीही आपल्या नवऱ्यासाठी मागून घेतली. तो नवरा मात्र मेजवान्यांची ताटं खाऊन त्या वर्षी असा फुगला की बायकोनं त्याच्याही बोटाला सुई टोचली. निम्मं ताट मग तिनं शाळेतल्या पोरांना वाटायला सुरुवात केली.

सहा महिन्यांनी चहाडखोर तपासणीचा कागद आला. आकडा खाली होता, चांगला खाली. लोपेतीची छाती लगेच वर आली. "लाविनियाला विचार," तो फाताईला म्हणाला, "आता पथ्य एवढं जमलंय, तर गोळी सोडली तर चालेल का?"

लाविनिया दिनदर्शिकेकडे बघत म्हणाली, "वहिनी, दादाची होडी आहे ना, तोल राखायला बाजूला लाकूड बांधलेली? दादाला विचार, समुद्र शांत असला की तो त्यातलं काय सोडून घरी ठेवतो, होडी की लाकूड?"

लोपेतीनं मान डोलवली. फाताई सांगते, या वेळची मान तिनं नीट पाहून घेतली. पुढे डॉक्टरनं एका वेळची गोळी कमी केली. दुसरी राहिली. ती राहणारच आहे.

चर्चमधल्या चटईवरचे डाग बायकांनी लिंबानं घासले, खाऱ्या पाण्यात बुडवले, उन्हात टाकले. तांबडे गेले, तपकिरी राहिले. त्याच्या प्रवचनाची पाळी अजून येते. जिभेचा विषय तो आता काढत नाही. एकाच जागी उभा राहतो, बोलतो, उतरतो. कावाला अजून बसतो, पण दोनच वाट्या, आणि मागोमाग तोंडात काकडीची फोड. मोसेसे लिमलेटची पिशवी मुद्दाम त्याच्या पुढ्यातून फिरवतो आणि म्हणतो, "घे की, रीत आहे."

लोपेती पिशवी पुढच्या माणसाकडे सरकवतो. "आत्याकडे पाठव आधी," म्हणतो.