टोपलंवालीचं तोंड

आमची सुंदरबाई आत्या म्हणजे डोक्याला ताप आहे. हे मी तिच्या तोंडावर म्हणतो, ती "बरं" म्हणते आणि पुन्हा आपलंच खरं करते. वय बहात्तर. चकलांब्याला एकटी राहते, दोन शेळ्या पाळते, आणि कुणी मदतीला गेलं तर त्यालाच कामाला जुंपते. आयुष्यात तिनं कुणाचं ऐकलं असेल तर फक्त एकदा, नवऱ्याचं. आणि नेमकं तेच ऐकायला नको होतं.

एकोणीसशे बहात्तरच्या दुष्काळात आत्या गावाजवळच्या तलावाच्या कामावर होती. मुक्ता, तिची एकुलती एक लेक, बारा वर्षांची, तीही माती वाहायची. घरी रेशनच्या मिलो ज्वारीची लाल भाकरी, कामावर मूठभर सुकडी. शहरातून एक शिल्पकार आला आणि त्यानं डोक्यावर टोपलं घेतलेल्या मुक्ताला तीन दिवस समोर उभं करून चित्रं काढली. मुकादम बोंबलायला लागला तेव्हा आत्यानं लेकीच्या वाटची टोपलीसुद्धा स्वतः वाहिली. त्याच पावसाळ्यात मुक्ता हगवणीनं गेली. मागं फोटो एकही नाही. तेव्हा चकलांब्यात फोटो असायचे ते देवांचे आणि पुढाऱ्यांचे.

पुढं बारा-तेरा वर्षांनी त्याच शिल्पकारानं परळीत एका सहकारी संघाच्या दारापुढं पुतळा उभा केला. संघाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर निवडणुकीतली दोन्ही पॅनल माझ्या दारात येतील. उद्घाटनाच्या भाषणात त्यानं सांगितलं, की ही चकलांब्याच्या तलावावरची मुलगी आहे. पुतळा गाजला. वैजनाथाचं दर्शन झालं की लोक तिथं फोटो काढायला जातात, रिक्षावाले त्या चौकाला 'टोपलंवाली' म्हणतात. आत्या मात्र गेली नाही. "मेल्या लेकराचं तोंड पुतळ्यात बघू न्हाई, जीव अडकून राहतो," असं नवरा म्हणाला आणि ही ऐकून बसली. तो मेल्यावरही वीस वर्षं बसली. "कुठं पळून चाललाय पुतळा," म्हणायची.

पुतळा पळाला नाही. डोळे पळाले. काचबिंदूनं उजवा गेला, डावा जायला लागला. गेलेली नजर परत येत नाही, हे बीडच्या डॉक्टरनं तिला स्पष्ट सांगितलं. त्या आठवड्यात ती शेळ्या शेजारच्या कडूबाईच्या दावणीला बांधून, न कळवता, एस.टी.नं सिरसाळ्याला माझ्या दारात हजर झाली. मी तिथं शाळेत मास्तर आहे. साल दोन हजार सोळा, एप्रिलचं ऊन, नळाला बावीस दिवसांनी पाणी, आणि त्या दिवशी नेमका माझ्या गल्लीत टँकर यायचा होता.

"आत्या, आज टँकर आहे गं."

"टँकर परवा बी येईल. माझा डोळा येईल का?"

टँकर सोडला आणि परळीला निघालो.

बसमध्ये आत्या खिडकीकडं तोंड करून बसली होती. अर्ध्या वाटेत म्हणाली, "राधू, मला मुक्तीचं तोंड आठवंना गेलंय. हात आठवतो. डाव्या पायावर धोंडा पडून अंगठा चेचलता, वाकडाच भरून आला, त्यो आठवतो. तोंड धराया गेलं की निसटतं. आईला लेकीचं तोंड आठवू न्हाई, व्हय रं?"

मुक्ता गेल्यावर दोन वर्षांनी मी जन्मलो. मी तिला पाहिलेलं नाही. मी आपलं "आता दिसेल की" म्हणालो. मला खरंच तसं वाटत होतं.

चौकात उतरलो तर पुतळा निळ्या ताडपत्रीत! टोपल्यापासून थेट पोटऱ्यांपर्यंत गुंडाळलेला, वर काथ्याचे सात-आठ वेढे. खाली तेवढी पावलं उघडी, त्यांच्यावर औष्णिक वीज केंद्राच्या राखेचा बोटभर थर. आत्यानं डावा डोळा बारीक केला. "हेच व्हय रं?"

मी तणतणत संघाच्या कचेरीत गेलो. निवडणुकीच्या कामावर बसवलेला वैजिनाथ नावाचा कारकून तिथं पंख्याखाली बसला होता.

"पुतळा का झाकला?"

"आचारसंहिता हाय गुरुजी. संघाची निवडणूक."

"पुतळा काय उमेदवार आहे?"

"तसं न्हाई. एका पॅनलला टोपली चिन्ह मिळालंय. दुसऱ्यानं तक्रार दिली, की संघाच्या दारातच टोपलीचा प्रचार चाललाय."

मी कपाळाला हात लावला. तीस वर्षं ती पोरगी टोपलं घेऊन उभी आहे, आणि ह्यांना आता तिच्यात प्रचार दिसला. "बरं, मतदान कधी?"

"सात महिन्यांमागंच होतं. कोर्टाचा स्टे आलाय. पुढली तारीख न्हाई."

"म्हणजे स्टे उठेपर्यंत झाकलेलाच?"

"आदेश हाय."

"अहो, मग टोपलं झाका आणि तोंड उघडं ठेवा!"

"आदेशात 'पुतळा झाकावा' असं हाय. टोपलं असा शब्द न्हाई."

"मग पाय कसे उघडे?"

वैजिनाथ जरा ओशाळला. "ताडपत्री पुरली न्हाई."

आता ह्या माणसाला काय करावं? मी आत्याच्या डोळ्याचं सांगितलं, मुक्ताचं सांगितलं. त्याचा चेहरा उतरला, पण हात हलला नाही. म्हणाला, दोन्ही पॅनलनी हरकत नाही म्हणून लिहून दिलं तर पाच मिनिटं सोडतो. मी तिथूनच फोन लावले. टोपलीवाले म्हणाले, "आमची कावून हरकत असंल? पण आधी त्यांचं पत्र आणा." दुसरे म्हणाले, "म्हातारीसाठी कायबी करू. फक्त आधी टोपलीवाल्यांनी लिहून द्यावं." पुन्हा इकडं, पुन्हा तिकडं. दीड तास गेला. दोघांचीही हरकत नव्हती आणि पत्रही नव्हतं. सहकार म्हणतात तो हा.

बाहेर आलो तर आत्या चौथऱ्यावर चढून बसलेली. पिशवीतली पाण्याची बाटली काढून पदराचं टोक भिजवत होती आणि पुतळ्याचे पाय पुसत होती. अर्धी बाटली संपली होती.

"आत्या, ते प्यायचं पाणी आहे!" मी खेकसलो. "परतताना तहान लागली तर काय राख पिणार आहेस?"

डावं पाऊल पुसून झालं तरी तिचा हात तिथंच होता. मला तिचा भयंकर राग आला. तीस वर्षं यायला वेळ नव्हता, आणि आता नाही तिथं घासत बसली आहे.

माझा आवाज ऐकून वैजिनाथ बाहेर आला. त्यानं आत्याकडं बघितलं, पदराकडं बघितलं. मग घड्याळात बघून, कुणालाही उद्देशून नाही असं मोठ्यानं म्हणाला, "मी चहाला चाललो. पंधरा मिनिटं लागतील. आणि गुरुजी, गाठ कशी मारलीय ती नीट बघून ठेवा. परत तशीच पाहिजे." आणि मागं न बघता चालू लागला. हाच शहाणपणा दीड तास आधी सुचला असता तर माझ्या फोनचं चार्जिंग वाचलं असतं.

बेचाळीस वर्षांचा मास्तर मी, भर चौकात पुतळ्यावर चढलो. खाली रिक्षावाले हसत होते. काथ्या उन्हानं आवळून बसलेला, नखं मोडली. ताडपत्री सुटली तशी सात महिन्यांची राख माझ्या डोक्यावर आली. खोकत, डोळे चोळत मी खाली उतरलो आणि म्हणालो, "घे, बघ बाई एकदाचं."

आत्या उठली, चार पावलं मागं गेली, मान वाकडी करून तिनं डावा डोळा वर लावला. मीही बघितलं. किती वेळा ह्या पुतळ्यापुढून गेलो असेन, पण नीट बघितलं त्या दिवशीच. गोबरे गाल, कोरलेल्या भुवया, ओठांवर गोड हसू. दुष्काळात माती वाहणारी ती पोर रोज तूप खाऊन आलेली दिसत होती. खाली पाटी होती, 'सहकारातून समृद्धी'. संघाच्या दारात उपाशी तोंड कुणाला चालणार होतं?

"ही मुक्ती न्हाई," आत्या म्हणाली.

घाबरलो की मी चिडतो. "तुला तर तोंड आठवत नव्हतं. मग कशावरून नाही?"

"आठवत नव्हतंच. हिला बघितलं अन् आठवलं." ती भराभर बोलायला लागली. "गाल कुठले आलेत तिला? हनुवटी ही अशी टोकदार. एक भुवई मधीच तुटलेली, चुलीवर पडलती तवाची. हसायची न्हाई इतकी. ऊन लागलं की नाक आकसायची. दिसाया लागली बघ, राधू. समदी दिसाया लागली."

तिचे दोन्ही डोळे, गेलेला आणि जाणारा, गच्च मिटलेले होते. मी म्हणालो, "मग हा पुतळा कुणाचा म्हणायचा?"

"पाय तिचेच हायेत. अंगठा बघ."

मी वाकून बघितलं. राख पुसलेल्या डाव्या पावलाचा अंगठा आत वळून शेजारच्या बोटावर चढलेला होता. आत्याचा हात मघा तिथंच थांबला होता. मला माझ्या खेकसण्याची लाज वाटली.

"वर चढ," आत्या डोळे न उघडता म्हणाली. "झाक ते तोंड. लवकर झाक, हे तिच्या तोंडावर येऊन बसायच्या आत. पाय तेवढे राहू दे."

मी पुन्हा चढलो. वैजिनाथ चहा पिऊन आला तेव्हा मी शेवटचा वेढा आवळत होतो. त्यानं काथ्या ओढून बघितला.

"गुरुजी," तो म्हणाला, "माझ्यापेक्षा घट्ट बांधलंय की."