आम्हा दोघींचा स्वाध्याय

मुलांनो, खाकी पाकिटाच्या डिंकाचा वास आला की मला साताऱ्याजवळच्या मेढ्याचं घर आठवतं. नव्वदच्या दशकात मी टपालाने एम.ए. करत होते. सासूबाई खुब्याचं हाड मोडून खाटेवर पडलेल्या, त्यामुळे रोज साताऱ्याच्या कॉलेजात जाणं शक्य नव्हतं. इतिहासाचे धडेच पाकिटातून घरी येत. ते मी त्यांच्या उशाशी बसून मोठ्याने वाचत असे. शाळेचं तोंडही न पाहिलेल्या सासूबाई मध्येच विचारायच्या, "मग त्या राणीनं काय केलं?" एकदा स्वाध्याय तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात उतरवण्याच्या नादात माझी टपालात टाकायची वेळ चुकली. दुसऱ्या दिवशी पाचच्या आत तो साताऱ्याच्या केंद्रात पोचला नाही, तर वर्ष वाया जाणार होतं. सकाळी मी म्हटलं, "राहू द्या आई, तुम्हाला एकटं टाकून कशी जाऊ?" त्या कडाडल्या, "शेजारीण बसंल की माझ्याजवळ! आन् तू एकलीनं केलाय व्हय अभ्यास? जा, यष्टी चुकंल." मी धावतपळत गेले, पाकीट हातोहात दिलं आणि दिवेलागणीला परतले. उंबऱ्यातच प्रश्न आला, "दिला का आपला पेपर?" मुलांनो, तुमचं ऐकून आता मीही एक ऑनलाइन अभ्यासक्रम घेतलाय. गुडघे दुखले तरी वर्ग बुडत नाही, न कळलेलं पुन्हा ऐकता येतं. फक्त धडा संपला की मी उगाच थोडी थांबते, पण शेजारून कुणी "मग पुढं काय झालं?" असं विचारत नाही.