त्या दुपारी घरात कोण होतं

माझ्या दाराला ब्रश लावायचा नाही, असं मी त्या पोरीला तोंडावर सांगितलं होतं. तरी ती हसत उभी. एका हातात रंगाचे डबे, गळ्यात संस्थेचं ओळखपत्र. म्हणते, "काका, फक्त एक फूल काढू द्या. छोटंसं."

"फूल काढायचं तर तुझ्या बापाच्या दारावर काढ," मी म्हटलं.

तरी गेली नाही. यांना बहुतेक शिकवूनच पाठवतात, की म्हातारे खेकसतात, मनावर घेऊ नका.

मरोळला आमची चाळ होती. बिल्डरने ती पाडली, त्याच जागेवर ही बिल्डिंग उभी केली आणि आम्हाला सातव्या मजल्यावर खोली दिली. चाळीत दारं सकाळी उघडायची ती झोपतानाच लागायची. मधे कुणाचं दार लागलं तर लोक विचारायला यायचे, काय झालं, कोण आजारी आहे का. इथे आल्यावर आधी लाकडी दार, मग त्याच्या पुढे जाळीचं दार, मग कडी, मग साखळी. माणसं तीच. चाळीतून उचलून एकावर एक रचून ठेवली, एवढाच फरक.

आणि आता ही संस्थेची पोरं आम्हाला जवळ आणायला आली होती. त्यांच्या कार्यक्रमाला इंग्रजी नाव होतं, ते मला म्हणता येत नाही म्हणून लिहीत नाही. प्रत्येकाने समोरच्याच्या दारावर चित्र काढायचं, आणि दर रविवारी सगळ्यांनी तळमजल्यावर बालवाडीच्या खोलीत बसून मोकळं बोलायचं. म्हणजे माझ्या दारावर फूल काढणार समोरची.

समोरची म्हणजे चाळीत माझ्या भिंतीला भिंत लागून राहायची ती. लग्न होऊन आली तेव्हा तिला गिरणीवरून दळण कसं आणायचं तेही ठाऊक नव्हतं. तिचं पहिलं बाळंतपण माझ्या बायकोने काढलं. बायकोला ती ताई म्हणायची, मला भाऊजी. तिच्या हातचं फूल मला माझ्या दारावर नको होतं. का नको, ते सांगतो.

बायको गेली ती अशी. जेवण झालं, भांडी झाली, आणि ती दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत बसली होती. म्हणाली, "अहो, छातीत कसंतरीच होतंय." मी म्हटलं, पाणी पी. पाणी आणेपर्यंत ती कपड्यांवर आडवी झालेली. घामाने सगळं अंग ओलं. मी बाहेर पळालो. लिफ्ट दोन-तीन दिवस बंदच होती. मी समोरची बेल दाबली.

दारात जे काचेचं भोक असतं ना, आतून बाहेरचा माणूस बघायचं, त्यात बाहेरून उजेडाचा एक ठिपका दिसतो. मी बेल दाबून धरली होती आणि त्या ठिपक्याकडे बघत होतो. तो काळा झाला. आतून कुणीतरी डोळा लावला. मी हात जोडले. ठिपका परत पांढरा झाला. दार उघडलं नाही.

मग शेजारच्या घरांची बेल दाबत सुटलो. एका घरात मॅच चालू होती, आवाज बाहेरपर्यंत. एका घराला कुलूप. शेवटी जिने उतरून वॉचमनला घेऊन वर आलो. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून तिला खाली आणली, रिक्षात घातली. डॉक्टर म्हणाला, जरा आधी आणायला पाहिजे होतं. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, असं लोक मला सांगतात. म्हणत असतील.

मयताला सगळी बिल्डिंग आली. माझ्या घरात चूल पेटायची नव्हती, तर पिठलं-भाकरी घेऊन पहिली समोरचीच आली. ताई, ताई करून रडली. मी ती भाकरी खाल्ली. तिचा मुलगा आणि सून दिवसभर कामावर असतात, दुपारी घरात ती एकटी. डोळा कुणाचा होता हे मला कळत नव्हतं असं नाही. मला ते तिच्या तोंडून ऐकायचं होतं. वर्ष झालं होतं, दुसरं काही ऐकावंसं वाटलं नव्हतं.

म्हणून रविवारी मी बालवाडीत गेलो. नाहीतर असल्या तमाशाला मी पाय ठेवला नसता.

पोरांच्या इवल्याशा खुर्च्यांवर सगळे गुडघे वर करून बसलेले. भिंतीवर अ अननसाचा. त्या पोरीने लोकरीचा गुंडा काढला. ज्याच्या हातात गुंडा तोच बोलणार, बाकीचे ऐकणार, बोलून झालं की धागा धरून ठेवायचा आणि गुंडा दुसऱ्याकडे फेकायचा. म्हणजे शेवटी जाळं तयार होतं आणि आपण सगळे एकमेकांना बांधलेले आहोत असं दिसतं. शाळा मी चौथीपर्यंतच शिकलो, पण चौथीतही आम्हाला इतकं खुळ्यात काढलं नव्हतं.

एक बाई चाळीतल्या होळीबद्दल बोलली. एकाने संडासातून गळणाऱ्या पाण्याचं गाऱ्हाणं मांडलं. सेक्रेटरीने गुंडा मांडीवर ठेवून भाषणच केलं, "आपण सगळे एक कुटुंब आहोत, सुखदुःखात एकमेकांच्या पाठीशी आहोत," आणि काय सुचलं कुणास ठाऊक, गुंडा माझ्याकडे फेकला.

"बोला काका," पोरगी म्हणाली. "काहीही. मनातलं."

मी म्हटलं, "माझी बायको गेली त्या दुपारी सातव्या मजल्यावर घरात कोण कोण होतं?"

पोरगी घाईने पुढे झाली.

"काका, आपण जरा पॉझिटिव्ह..."

"गुंडा माझ्याकडे आहे. तूच म्हणालीस, ज्याच्याकडे गुंडा तोच बोलणार. गप्प बस." आणि मी तो समोरचीच्या मांडीवर फेकला. "आता तू बोल गं."

तिने गुंडा असा धरला, जसा कुणी पेटता निखारा हातात दिलाय. पदर सारखा केला. म्हणाली, "मी होते घरात. बेल ऐकली. पण भाऊजी, आपली माणसं कधी बेल वाजवतात का? आपली माणसं हाक मारतात. मला वाटलं, फिल्टर विकणारा असेल. दुपारचे तेच येतात."

"भोकातून बघितलं नाहीस?"

"नाही."

"नाही?"

"नाही म्हटलं ना."

सेक्रेटरीला तेवढंच पाहिजे होतं. "काका, बरोबर बोलतात त्या. तुम्ही हाक का नाही मारली? चाळीत तुमच्या हाकेने सगळी गल्ली गोळा व्हायची. एक हाक मारली असती तर अख्खा मजला धावला असता."

म्हणजे बायको माझी, मेली ती माझी, आणि चूकही माझी. त्या वेळी माझ्या तोंडातून हवासुद्धा निघत नव्हती, हे मी या माणसाला समजावून सांगायचं. मी म्हटलं, "लिफ्ट का बंद होती ते तू सांग आधी. आणि पॅसेजमध्ये मोठ्याने बोलू नये म्हणून बोर्ड कुणी लावला रे? माझ्या बापाने?"

तो उठला, मी उठलो. मधे पोरगी आली. तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "काकांनी इतकं मनापासून शेअर केलं, त्यांच्यासाठी एकदा टाळ्या."

आणि लोकांनी वाजवल्या हो. खरंच वाजवल्या. बायकोच्या मरणावर टाळ्या घेऊन मी वर आलो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जाळीच्या दाराबाहेर समोरची उभी. बेल नाही, हाक नाही, नुसती उभी. मी दार उघडलं, आत ये म्हटलं नाही. तीच आली आणि भिंतीला टेकून खाली बसली. बायको बसायची तिथे नाही, जरा बाजूला.

"भाऊजी, मी बघितलं होतं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला."

"तुम्ही होतात. केस विस्कटलेले, डोळे लाल. हात असे वर केलेले."

"जोडले होते. मग?"

"मला वाटलं, कपाटावरून भांडायला आलात."

बायको गेली त्याच्या आदल्या आठवड्यात तिच्या मुलाने चपलांचं कपाट आणून पॅसेजमध्ये आमच्या बाजूला सरकवून ठेवलं होतं. मी ते लाथ मारून परत तिकडे ढकललं होतं आणि मुलाला वाटेल ते बोललो होतो. माझ्या बायकोने नंतर जाऊन समजूत घातली होती. ते कपाट. चपला ठेवायचं कपाट.

"मुलगा घरी नव्हता," ती म्हणाली. "मी एकटी. म्हटलं, संध्याकाळी तो आल्यावर बघतील दोघं. मला कुठे माहीत, ताईला..."

"आणि काल सगळ्यांसमोर खोटं बोललीस."

"सून बसली होती बाजूला."

मला तिला घराबाहेर काढायचं होतं. हात धरून. काढली नाही. म्हटलं, "पुढच्या रविवारी परत आहे ना ते नाटक? जिथे खोटं बोललीस तिथेच उभी राहून खरं बोल. माझ्याशी इथे बोलून उपयोग नाही."

"मला नाही जमणार भाऊजी. लोक काय म्हणतील?"

"मग जा. आणि परत या दारात यायचं नाही. पिठलं घेऊन तर नाहीच."

ती उठली. जाताना उंबऱ्यात थांबली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "ताई असती तर तुम्हाला असं बोलू दिलं नसतं." मी तिच्या तोंडावर दार लावलं.

रविवारी येईल असं मला वाटलं नव्हतं. आली. पोरगी गुंडा काढतच होती, तोवर ही उभी राहिली. धागा नाही, काही नाही. म्हणाली, "मागच्या वेळी मी खोटं बोलले. मी भोकातून भाऊजींना बघितलं आणि दार उघडलं नाही. कपाटाचं भांडण होतं म्हणून." एवढंच. खाली बसली. सून तिच्याकडे बघतच राहिली.

टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. मॅच लावून बसलेला म्हणाला, "आम्हाला तर बेल ऐकूच आली नव्हती." त्याची बायको तिथल्या तिथे म्हणाली, "आली होती. मी उठत होते तर तूच म्हणालास, बस, कोणी सेल्समन असेल." तो म्हणाला, "घरी चल, मग बघतो." ती म्हणाली, "बघ ना, इथेच बघ." मग कुणीतरी सेक्रेटरीला लिफ्टवरून धरलं, कुणी बोर्डावरून. बायका एकमेकींना जुनं जुनं काढून बोलायला लागल्या. कुणाच्या आजारात कोण आलं नाही, कुणाच्या घरातलं रडणं ऐकून कुणी टीव्हीचा आवाज वाढवला. पोरगी मधे उभी राहून हात वर करत होती, "एकेक जण, प्लीज एकेक जण."

मी म्हटलं, "बाई, तू बस. ती लोकर पिशवीत ठेव. हे आता बोलायला लागलेत."

ती खरंच बसली. त्या इवल्या खुर्चीवर, माझ्या बाजूला. बराच वेळ सगळे भांडत होते आणि आम्ही दोघं ऐकत होतो.

लोक आता मला विचारतात, काका, झालं ना समाधान? तिने सगळ्यांसमोर कबूल केलं. मी सांगतो, माफ केलेलं नाही, करणार नाही. एका चपलांच्या कपाटापायी माझी बायको जिन्यातून खुर्चीत बसून गेली, हे मला कुणी चित्र काढून गोड करून सांगू नये.

पण एक झालं. वर्षभर उठल्यापासून मला एक काम होतं. समोरच्या दाराकडे बघायचं आणि मनात तिला प्रश्न विचारत राहायचं. आता विचारायला काही उरलं नाही. सकाळी उठतो, चहा करतो, एका कपाचाच करायचा हे लक्षात ठेवतो, आणि बसतो. राग होता तेव्हा घरात दुसरं कुणीतरी असल्यासारखं होतं. आता बायको नाही, एवढंच आहे.