रेखाचा पांढरा ओटा आणि माझी वीस लिंबं

संगमरवरी ओटा घासण्याच्या बाबतीत माझा हात कुणी धरू शकत नाही. त्या आठवड्यात कुणीतरी धरला असता तर फार बरं झालं असतं.

मुळात ओटा माझा नव्हता. तो समोरच्या रेखाचा. बोईसरच्या आमच्या इमारतीत सगळ्यांकडे काळा ग्रॅनाइट. त्यावर काहीही सांडलं तरी संध्याकाळपर्यंत दिसत नाही. रेखाला नेमकं तेच नको होतं. "काळ्यावर घाण दिसत नाय ताई, म्हणून ती तिथंच राहते," म्हणायची. नवऱ्याशी दोन महिने भांडून तिने पांढराशुभ्र संगमरवर बसवून घेतला. कुणी ओट्यावर पेला ठेवायला गेलं, की पेल्याच्या आधी खाली तिचं फडकं पोचायचं.

मे महिन्यात ती नवऱ्याला घेऊन भाच्याच्या लग्नाला एडवणला माहेरी गेली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली.

"तुळशीला तेवढं पाणी घाला ताई. बाकी काय नाय."

बाकी काय नाय, हे मी नीट ऐकलं होतं. पण चौथ्या दिवशी सकाळी आमच्या सिंकचा पाइप तुंबला, आणि माझा भाऊ साताऱ्याहून जेवायला यायचा होता. मी भिजवलेल्या कोकमाचं पातेलं उचललं आणि सोलकढी करायला सरळ रेखाच्या स्वयंपाकघरात गेले. (तुळशीला आधी पाणी घातलं. माणसाने दिलेला शब्द पाळावा.)

सोलकढी अशी जमली, की भाऊ तीन पेले प्यायला. संध्याकाळी रेखाकडे उरलीसुरली भांडी आणायला गेले, तर ओट्यावर पातेल्याच्या बुडाएवढं गुलाबी कडं उमटलेलं.

दुसरी एखादी बाई घाबरली असती. मी नाही. तीस वर्षं मी तांब्यापितळेची भांडी लिंबाने उजळत आले आहे. दगडाची काय कथा? लिंबू चिरलं आणि चोळलं. पाच मिनिटांत गुलाबी कडं गायब! मी ओटा कोरडा केला, कौतुकाने खाली वाकून बघितलं, आणि लक्षात आलं, की कड्याबरोबर चमकही गेली. चकचकीत ओट्याच्या मधोमध ताटाएवढा निस्तेज डाग बसला होता.

आमचे हे शिफ्ट संपवून आले, त्यांना हाताला धरून तिकडे नेलं. हे केमिकलच्या कारखान्यात आहेत. त्यांनी चष्मा लावला, वाकले.

"लिंबू लावलंस?"

"थोडंसं."

"अगं, संगमरवर म्हणजे एक प्रकारचा चुनाच. लिंबू त्याला खातं. आता आणखी काही करू नकोस. आणि रेखाला फोन करून सांग."

दोन सूचना होत्या. मी दोन्ही पाळल्या नाहीत.

कारण मला एक तोड सुचली होती. ओटा निस्तेज झाला, हा दोष नव्हताच. तो एकाच ठिकाणी झाला, हा दोष होता. सगळाच तसा असता तर कुणाला कळलं असतं? दुसऱ्या दिवशी बाजारातून वीस लिंबं आणली.

"लोणचं का?" भाजीवाल्या मावशींनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

भिंतीपासून कडेपर्यंत सरळ रेघेत, घड्याळ लावून, प्रत्येक पट्ट्याला सारखा वेळ. दोन दिवस घासत होते. बोटांची सालं निघाली, पण ओटा एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत साईसारखा मऊ पांढरा झाला. खरं सांगते, छान दिसत होता!

रविवारी रेखा आली. वाडीतल्या चिकूंची पिशवी तिने खाली ठेवली आणि सवयीने ओट्यावरून हात फिरवला.

"पुसलात वाटतं तुमी?"

"धूळ बसली होती."

"हं." तिने खिडकीकडे बघितलं. "उजेड कमी हाय का आज?"

"ढग आलेत," मी म्हणाले. (बाहेर मे महिन्याचं ऊन रणरणत होतं.)

तिला ते पटलंसं दिसलं. आपण जिंकलो, असं वाटेपर्यंत तिने चिकू ठेवायला कोपऱ्यातला पिठाचा मोठा डबा उचलला. त्याच्याखाली आरशासारखं लखलखीत वर्तुळ! सगळा ओटा घासला, पण डबा उचलायचं काही मला सुचलं नव्हतं.

रेखाने वर्तुळ बघितलं, उरलेला ओटा बघितला, मग माझ्याकडे बघितलं.

"ताई, ढग डब्याखाली नाय गेले वाटतं."

मग मी सगळं सांगितलं. तुंबलेलं सिंक, कोकम, लिंबं, लिंबांची संख्यासुद्धा. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. स्टुलावर बसली आणि तिचे डोळे भरून आले. "दोन महिने भांडले मी या दगडासाठी," एवढंच म्हणाली. ओरडली असती तर परवडलं असतं.

"पॉलिशवाल्याला उद्याच आणते," मी म्हणाले. "काम होईपर्यंत तुमचं जेवण आमच्याकडे."

"सिंक सुटलं तुमचं?"

"सुटलं."

"मग येते," ती डोळे पुसत म्हणाली.

पॉलिशवाला मशीन घेऊन आला. सुरुवात करण्याआधी त्याने सगळ्या ओट्यावरून तळहात फिरवला आणि थांबला.

"ये किसने किया?"

रेखाने हनुवटीने माझ्याकडे दाखवलं. मी मान खाली घातली.

"पूरा एक जैसा है," तो म्हणाला. "मशीन से भी इतना बराबर नहीं आता."

मग त्याने दिवसभर मशीन फिरवलं. पांढरा चिखल पुसायला मी फडकं घेऊन शेजारी उभी. संध्याकाळी ओट्यात पुन्हा खिडकी दिसू लागली, तेव्हा रेखा हसली. "पाण्यात साबणाचे दोन थेंब, मऊ फडकं, आणि आंबट सांडलं तर लगेच पुसायचं," हे त्याने हिंदीत दोनदा सांगितलं, दोन्ही वेळा माझ्याकडे बघून.

निघताना दारात थबकला. "मॅडम, पालघर में एक पार्टी को ऐसा ही फीका ओटा चाहिए. आप आएँगी?"

तीस वर्षांच्या संसारात माझ्या हाताच्या कामाला मिळालेलं हे पहिलं प्रशस्तिपत्र. आणि ते देणारा माणूस दिवसभर तेच काम खरवडून काढत होता.