कोऱ्या पंचनाम्यावरची सही

"आता हात लावू नगंस. पूजा झालीया."

तात्या हे मला म्हणाले. देवळाच्या आवारात, सगळ्यांसमोर. माझ्या हातात अजून ओला काथ्या होता. वीरगळाचा दगड ट्रॉलीतून उतरवणाऱ्या चौघांत मी एक होते. त्यावरचा चिखल, शेवाळ मीच घासून काढलं होतं, पार खालच्या चौकटीतल्या गायींच्या शिंगांपर्यंत. तोवर माझा हात चालत होता. तात्यांनी वर दुधाचा तांब्या ओतला आणि माझ्या हाताचा विटाळ व्हायला लागला.

मी मागं सरकले. तात्यांचा राग येतोच, पण मी मागं सरकले याचा जास्त येतो.

मी गावची कोतवाल. कागदावर आता महसूल सेवक म्हणतात, हाक कोतवालच. बारामती संपून इंदापूर लागतं तिथलं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस. बारावी झाले आणि वडलांच्या जागी लागले.

हा वीरगळ आमच्या वस्तीच्या तोंडाशी, वेशीत उभा होता. गावची गुरं वळवून नेणाऱ्यांना अडवताना वेस राखणारा आमचा एक वेसकर मेला, त्याचा हा दगड, असं घरात सांगत आलेत. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही. आई त्याला बाबा म्हणते. दर पोळ्याला तेल लावते, दिवा ठेवते. आमच्या नावावर सातबारा नाही. गावात आमचं जुनं काही असेल तर तेवढंच.

तालुक्यातल्या बारवा, वीरगळ, जुन्या वास्तूंची यादी करायचं पत्र आलं, तेव्हा तलाठी भाऊसाहेबांना मीच हौसेनं दगड दाखवला. वाटलं, बाबा एकदाचा सरकारी कागदावर येईल. त्यांनी टेप लावून मोजमाप घेतलं. आठवड्यानं तात्या आले. माजी सरपंच, देवळाचा कारभार त्यांच्याकडं.

"रस्ता रुंद व्हनार हाय. हितं ऱ्हायला तर जेसीबी फोडंल. देवळात निऊन ठिवू."

मला पटलं. आईलाही मीच पटवलं.

ज्या दिवशी दगड हलवला, त्या सकाळी भाऊसाहेबांनी गाडीच्या सीटवर चार कोरे कागद ठेवले. "पंच म्हणून सही कर. मागनं भरतो." यात नवीन काही नव्हतं. गारपीट असो, वीज पडून म्हैस मेलेली असो, पंच मी आणि कागद कोरा. वडीलही असंच करायचे. मी चारही सह्या केल्या.

महिन्याभरानं यादी चावडीत लागली. आमच्या गावापुढं लिहिलं होतं: वीरगळ, पूर्वापार मंदिराच्या आवारात. तात्यांच्या घराण्यातल्या वीराचं स्मारक. देखभाल, तेच घराणं.

मी भाऊसाहेबांकडं गेले. त्यांनी फाईल उघडून पंचनामा माझ्यापुढं सरकवला. "पंच कोण हाय, बघ की."

खाली माझी सही. चांगली वळणदार. बारावीपर्यंत शिकले ती एवढ्यासाठी.

पोळ्याला आई तेलाची वाटी घेऊन देवळात गेली. मी मागोमाग. दगडाभोवती लोखंडी जाळी, जाळीला कुलूप. तात्या पारावर बसले होते.

"तात्या, वाईच उघडा की. तेल लावते."

"तितनंच हात जोड. आमच्या घरचं दैवत हाय त्ये."

आईनं तिथनंच हात जोडले. घरी येऊन वाटीतलं तेल बाटलीत परत ओतलं, एक थेंब सांडू दिला नाही. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "त्यांनी खोटं लिवलं, त्ये त्यांचं. पर तू सही का केलीस गं?"

मी बाटलीला बूच लावलं.

पुढच्या आठवड्यात ऊस जळाल्याचा पंचनामा होता. भाऊसाहेबांनी नेहमीसारखा कोरा कागद पुढं केला.

"आधी लिवा. मी वाचते. मग सही."

"नोकरी करायची न्हाय का?"

"करायची हाय."

बांधावर सगळे बघत होते. त्यांनी लिहिलं. मी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, तोवर ते घड्याळ बघत राहिले.

यात जिंकण्यासारखं काही नाही. दगड जाळीतच आहे. तहसीलला अर्ज दिलाय, पोच मिळाली, उत्तर नाही. एकदा गेले तर साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा म्हणाले, यादी वर गेली, आता आमच्या हातात काही नाही. तिथल्या एका कारकुनाला माझी दया आली. म्हणाला, "फसवून सही घेतली असं लिही. तुझ्या अंगावर येणार नाही."

मी अर्ज बदलला नाही. त्यात लिहिलंय: सही माझी आहे, मजकूर खोटा आहे. कोऱ्या कागदावर सही केल्याची शिक्षा मला द्या, पण मजकूर बदला.

नोकरी जाईल कदाचित. जाऊ दे. कोऱ्या कागदावर या हाताची सही आता कुणालाही मिळणार नाही.